सोलापूरचे डॉ. कोटणीस : एक शिक्षक

आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर माउलींची पालखी आपल्या नातेपुत्याला मुक्कामाला येते. त्या एका रात्रीपुरते गाव दुपटी-तिपटीने नव्हे, कितीतरी पटीने मोठे होते. वारकऱ्यांच्या भाकरीची, पाण्याची, आडोशाची सोय आपण भगिनी आपापल्या परीने करतोच. त्याच गर्दीत रस्त्याच्या कडेला मांडलेल्या टेबलाशी पांढरा कोट घातलेली एखादी मुलगी बसलेली असते. ती वारकऱ्याच्या बोटाला हलकेच सुई टोचते, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेते, कागदावर काही लिहून ठेवते आणि पुढच्या माणसाला बोलावते. तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. डॉक्टरांचे नाव फलकावर असते, औषध देणाऱ्याला लोक दुवा देतात. या मुलीने काचेवर काय पाहिले हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही. आपल्या घरांतूनही असेच चालते. मुलगी बारावीला शास्त्र शाखेतून पास झाली आणि डॉक्टरकीला गुण कमी पडले, की नर्सिंग किंवा प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाचे नाव निघते. आणि ते निघताना घरातल्या कोणाच्या तरी तोंडून एक सुस्कारा बाहेर पडतो.

या सुस्काऱ्याला उत्तर देणारे एक चरित्र आपल्याच जिल्ह्यात होऊन गेले आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव तुम्हा सर्वांना परिचित आहे. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर काढलेला हिंदी चित्रपट आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींनी पाहिलाही असेल. त्यामुळे चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारा शूर डॉक्टर ही त्यांची मूर्ती आपल्या मनात पक्की आहे. ती खरीच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा जो भाग चित्रपटातल्या तोफांच्या आवाजात थोडा मागे पडतो, तो आज सांगावासा वाटतो. डॉ. कोटणीस हे शिक्षक होते. खेड्यापाड्यांतल्या अर्धशिक्षित मुलांना शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया शिकवून त्यांच्यातून आरोग्यसेवक तयार करणे, हे त्यांच्या अखेरच्या वर्षांतले फार मोठे काम होते.

द्वारकानाथांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घर भरलेले होते. त्यांना दोन भाऊ आणि पाच बहिणी होत्या. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर कामाला निघायचे, असा शहराचा दिनक्रम. द्वारकानाथ ऐन तारुण्यात असताना, मे 1930 मध्ये, याच सोलापुरात ब्रिटिशांनी लष्करी कायदा पुकारला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. अशा गावात आणि अशा काळात वाढलेल्या तरुणाला देशाचे प्रश्न परके वाटणे शक्यच नव्हते.

सोलापुरात त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते पुढे 1963 साली निघाले. डॉक्टर व्हायचे तर मुंबई गाठणे भाग होते. द्वारकानाथ परळच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. हे महाविद्यालय 1926 साली स्थापन झाले होते, आणि त्याची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी देणगीदारांची अट होती. परक्या सत्तेच्या काळात वैद्यकशास्त्राच्या खुर्च्यांवर आपलीच माणसे बसून शिकवीत आहेत, हे दृश्य ज्याने विद्यार्थी म्हणून पाहिले, त्याच्या मनावर शिक्षकाच्या कामाचा ठसा उमटल्याशिवाय राहील कसा?

वैद्यकाचा अभ्यास म्हणजे पाठांतर, अशी आपली समजूत असते. पण तो फार मोठ्या प्रमाणात हातांचा आणि डोळ्यांचा अभ्यास आहे. पहिल्यांदा हाडे हातात घेऊन ओळखायची. मग मृतदेहाचे विच्छेदन करून स्नायू कोठे सुरू होतो, कोठे संपतो, रक्तवाहिनी कोणत्या शिरेच्या सोबतीने जाते, हे शोधायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या पट्टीवरचा रक्ताचा पातळ थर पाहायचा. त्यातल्या तांबड्या पेशी मोजायच्या, पांढऱ्या ओळखायच्या. थुंकी रंगवून तिच्यात क्षयाचे जंतू आहेत का, ते पाहायचे; निळसर पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की निदान झाले. लघवीचे काही थेंब निळ्या द्रावणात घालून उकळायचे. निळा रंग तसाच राहिला तर साखर नाही, हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी झाला तर साखर वाढत गेलेली. हे सारे एकदा पाहून येत नाही. पुन्हा पुन्हा करावे लागते. पोळी गोल लाटता येण्यासाठी जसे बोटांना वळण लागावे लागते, तसेच हेही आहे. या वळणातून गेलेले द्वारकानाथ 1936 साली डॉक्टर झाले आणि पुढच्या अभ्यासाच्या तयारीला लागले.

इतक्यात जगाचा रंग पालटला. 1937 साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनकडे माणसे होती, धैर्य होते. पण डॉक्टर फार थोडे आणि औषधे त्याहून थोडी. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. 1938 साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, 22 हजार रुपयांचा निधी उभा राहिला, एक रुग्णवाहिका घेण्यात आली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण न झालेले डॉ. कोटणीस. जो देश स्वतः पारतंत्र्यात होता, त्याने दुसऱ्याच्या संकटात आपली माणसे पाठवावी, ही गोष्ट आजही मनाला उभारी देते.

1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने पथक निघाले. हाँगकाँगमार्गे कँटन, तेथून हँकाऊ, आणि पुढे बाँबहल्ल्यांतून वाट काढीत फेब्रुवारी 1939 मध्ये ते येनानला पोहोचले. येनान हा उत्तर चीनमधला पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा मुलूख. लोक त्या मातीत कोरलेल्या गुहांत राहत, रुग्णालयही गुहांतच. चीनमध्ये या पाचही डॉक्टरांनी आपापली चिनी नावे घेतली आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ‘के ती-हुआ’, आणि त्या देशात ते आजही याच नावाने ओळखले जातात.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडील वारल्याचे कळले. आपण स्त्रिया या ठिकाणी क्षणभर थांबतो. सोलापूरच्या घरात वृद्ध आई, भावंडे. आणि कमावता, डॉक्टर झालेला मुलगा हजारो मैलांवर. परत येण्याला कोणी नाव ठेवले नसते. प्रकृतीच्या कारणाने डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी परतले होते, पुढे डॉ. अटलही परतले. कोटणीसांनी मात्र राहायचे ठरवले. हा निर्णय मोठा म्हणावा की घरावर कठोर म्हणावा, याचे उत्तर सोपे नाही. ज्या आईने तो मनोमन सोसला असेल, तिचे नाव कोणत्याही पुतळ्यावर नाही, एवढे मात्र आपण विसरू नये.

डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस तेथून आघाडीजवळच्या सरहद्दी भागात गेले. या भागात त्यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेला होता. कॅनडाचे शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथून. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या लहानशा जखमेतून विष रक्तात पसरले आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी ते गेले. पेनिसिलिन त्या काळी उपलब्ध नव्हते. निष्णात डॉक्टरचाही जीव बोटाच्या एका चिरेने जाई. बेथून यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. एक डॉक्टर कितीही राबला तरी दिवसाला किती जखमी पाहील? पण त्याने शंभर जणांना जखम स्वच्छ धुवायला, हात निर्जंतुक करायला, मोडलेले हाड आधार देऊन बांधायला शिकवले, तर शंभर ठिकाणी माणसे वाचतील. त्यांच्या निधनानंतर तेथील आरोग्यशाळेला आणि रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. याच शाळेत 1940 मध्ये डॉ. कोटणीस शस्त्रक्रियेचे अध्यापक झाले, आणि जानेवारी 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक.

ही शाळा कशी असेल, याची कल्पना करून पाहा. हेपेई प्रांतातल्या डोंगराळ खेड्यात ती चाले. शत्रू जवळ आला की सारे सामान खेचरांवर लादून दुसरीकडे हलायचे. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले. काही तर सैन्यात निरोप्याचे काम करणारी कोवळी पोरे. शाळेचे शिक्षण जेमतेम. पट्ट्या, कापूस वापरून टाकून देण्याची चैन नव्हती. रक्ताने भरलेल्या पट्ट्या धुवून, उकळून, वाळवून पुन्हा वापरायच्या. उपकरणे गावातल्या सुतार-लोहारांकडून करून घ्यायची. मुंबईच्या महाविद्यालयातले विच्छेदनगृह, तेथील सूक्ष्मदर्शकांच्या रांगा, तेथील ग्रंथालय, यांतले येथे जवळपास काही नव्हते.

आणि सर्वांत मोठी अडचण भाषेची. डॉ. कोटणीसांनी वैद्यक शिकले इंग्रजीत. विद्यार्थ्यांना चिनीखेरीज दुसरे काही कळत नव्हते. दुभाषा ठेवून शिकवणे शक्य होते. पण दुभाष्याला यकृत आणि प्लीहा यांतला फरक ठाऊक नसेल तर शिकवलेले काय पोहोचणार? म्हणून त्यांनी चिनी भाषा बोलायला आणि वाचायला शिकून घेतली. इतकी अवघड लिपी तिशीतल्या माणसाने, दिवसभर रुग्णसेवा करून, शिकावी ही सामान्य चिकाटी नव्हे. पुढे ते वर्गात चिनी भाषेतूनच शिकवू लागले. इतकेच नव्हे, तर विद्यार्थ्यांना हाताशी पुस्तक नाही म्हणून शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. पहिला भाग सर्वसाधारण तत्त्वांचा, दुसरा एकेका अवयवाच्या विकारांचा. दिवसा रुग्णालय आणि वर्ग, रात्री लेखन.

या शिक्षणाचे मोल कळावे म्हणून एकच उदाहरण घेऊ. रक्तस्रावाने माणूस मरणाच्या दारी असतो. दुसऱ्याचे रक्त दिले तर वाचतो. बेथून यांनी त्या भागातल्या खेडुतांना रक्तदानासाठी तयार केले होते. पण कोणाचेही रक्त कोणालाही चालत नाही. 1901 साली ऑस्ट्रियाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्ताचे गट दाखवून दिले. चुकीच्या गटाचे रक्त शिरेत गेले तर तांबड्या पेशी गुठळ्या होऊन फुटतात, मूत्रपिंडे निकामी होतात आणि वाचवायला घेतलेला माणूस आपल्याच हातून जातो. हे टाळण्याची तपासणी दिसायला किती साधी! काचेवर रक्ताचे दोन थेंब, त्यांत दोन निरनिराळ्या द्रवांचा एकेक थेंब, आणि कोणत्या थेंबात दाणे दिसतात ते पाहायचे. दूध फाटल्यावर जसे कण वेगळे होतात तसे ते दिसतात. एवढे पाहणारी शिकलेली नजर जवळ नसेल, तर दाता तयार असून, शल्यवैद्य तयार असून उपयोग शून्य. काचेकडे पाहणारा माणूस चुकला, तर थोरातला थोर डॉक्टरही चुकतो. वारीतल्या त्या पांढऱ्या कोटातल्या मुलीची जागा कोठे आहे, हे यावरून समजावे.

1940 च्या ऑगस्टपासून त्या भागात घनघोर लढाई पेटली. चिनी इतिहासात ती शंभर पलटणींची मोहीम म्हणून प्रसिद्ध आहे. त्या काळात डॉ. कोटणीसांनी शेकडो जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. एकदा तर सलग 72 तास झोप न घेता ते काम करीत होते, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. पण हे 72 तास एकट्याचे नव्हते, हे आपण ध्यानात घ्यावे. कोणीतरी पाणी उकळीत होते, कोणीतरी हत्यारे निर्जंतुक करून हाती देत होते, कोणीतरी दिवा धरून उभे होते, कोणीतरी शस्त्रक्रिया झालेल्यांची नाडी पाहत होते. या कामाला शिकलेले हात लागतात. कोटणीस ज्या वर्गांत शिकवीत, ते असलेच हात तयार करण्यासाठी होते.

याच शाळेत त्यांची ओळख कुओ चिंग-लान यांच्याशी झाली. या बाई शिकलेल्या परिचारिका होत्या. पेकिंगच्या मोठ्या रुग्णालयातले सुरक्षित काम सोडून त्या या डोंगराळ भागात आल्या होत्या आणि शाळेत परिचर्येचा विषय शिकवीत होत्या. म्हणजे दोघेही शिक्षक. एक शस्त्रक्रिया शिकवणारा, दुसरी रुग्णाची शुश्रूषा. 1941 च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. 23 ऑगस्ट 1942 रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिन-हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन्ही देश एका पाळण्यात निजवणारे नाव. त्याच वर्षी डॉ. कोटणीस तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. ज्या लोकांत राहिले, त्यांच्याशी त्यांनी कोणताच आडपडदा ठेवला नाही.

परंतु शरीर थकत चालले होते. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, झटके येऊ लागले. वरिष्ठांनी आणि मित्रांनी विश्रांतीचा, उपचारांसाठी दुसरीकडे जाण्याचा आग्रह केला. त्यांनी तो मानला नाही. वर्ग अर्धा राहिला होता, पुस्तक अर्धे राहिले होते. दुसऱ्यांना प्रकृती सांभाळायला शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःची प्रकृती सांभाळली नाही, हे त्यांच्या चरित्रातले शल्य आहे. आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्या कितीतरी जणींच्या बाबतीत ते आजही खरे असते. घर, नोकरी आणि रात्रपाळी ओढणाऱ्या परिचारिकेने आपला रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हे तिला विचारून पाहावे.

9 डिसेंबर 1942 रोजी पहाटे, झटक्यांमागून झटके येऊन, डॉ. कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे 32 वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा. शस्त्रक्रियेच्या पुस्तकाचा दुसरा भाग अपुराच राहिला. खेडुतांनी आणि विद्यार्थ्यांनी साश्रू नयनांनी त्यांना निरोप दिला. आरंभी त्यांची समाधी त्याच भागात होती. पुढे शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत ती हलवण्यात आली. तेथे त्यांचा पुतळा आहे. चिंग-लान यांनी पुढे दीर्घ आयुष्य काढले. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीसांच्या घरच्या माणसांशी त्यांनी नाते राखले, आणि 2012 साली त्या निवर्तल्या. दुर्दैव असे की, वडिलांच्याच वाटेने वैद्यकाचे शिक्षण घेत असलेला यिन-हुआ 1967 साली ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर गेला. एका स्त्रीने पती आणि पुत्र दोघेही तरुणपणीच गमावले. चरित्रनायकाची थोरवी गाताना त्याच्या मागे राहिलेल्या बाईचे हे ओझेही आपण उचलून पाहिले पाहिजे.

1962 साली भारत आणि चीन यांच्यात युद्ध झाले. दोन देशांतले संबंध पुढेही कधी सुधारले, कधी बिघडले. तरीही कोटणीसांच्या स्मृतीला दोन्हीकडे धक्का लागला नाही. चीनने 1982 साली आणि भारताने 1993 साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. भारतात येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत आले. सोलापुरात ज्या घरात त्यांचा जन्म झाला, ते घर दुरुस्त करून स्मारक म्हणून जतन केले आहे. आणि शिजियाझुआंग शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. तेथे तरुण मुले-मुली आरोग्यसेवेचे शिक्षण घेतात. शिक्षकाचे स्मारक म्हणून शाळेहून अधिक शोभणारे दुसरे काय असणार?

भगिनींनो, या चरित्रातून आपण आपल्या घरी काय न्यावे? चीनला जाण्याची गरज नाही. आपल्या उंबऱ्याशीच काम पडले आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, शेकडा 54 च्या आसपास, स्त्रियांच्या रक्तात तांबड्या रंगद्रव्याची कमतरता आहे. म्हणजे हळदीकुंकवाला चौघी बसल्या तर त्यांतल्या दोघी. चालताना धाप लागते, हातापायांत गोळे येतात, कामात मन लागत नाही. आणि आपण म्हणतो, बाईच्या जातीला एवढे चालायचेच. ते चालायचे नाही. बोटाच्या एका थेंबाने ते कळते आणि गोळ्यांनी, हिरव्या पालेभाजीने, गुळाने नव्हे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधाने आणि नीट आहाराने ते बरे होते. पण तो थेंब घेणारी, तो अचूक वाचणारी आणि न लाजता समजावून सांगणारी मुलगी गावात हवी. पुरुष तंत्रज्ञापुढे आपली तक्रार न सांगणाऱ्या कितीतरी बायका आपल्या ओळखीच्या आहेत. त्या या मुलीपाशी मन मोकळे करतील.

अशी मुलगी आपोआप तयार होत नाही. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलीला बेडकाचे चित्र काढता येते. त्यापुढे शिकलेल्या हातांनी रक्त काढणे, नमुन्यावर नाव आणि वेळ न चुकता लिहिणे, उपकरण रोज पडताळून पाहणे, शंका आली तर तपासणी पुन्हा करणे आणि कोणाचा अहवाल कोणाला न सांगणे, हे सारे अभ्यासक्रमात शिकावे लागते. आता यंत्रे बरीच कामे करतात, हे खरे. पण कोणत्या नळीत कोणाचे रक्त आहे, हे यंत्राला माणूसच सांगतो. 2021 साली संसदेने आरोग्यसेवेतल्या या सहायक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांचे कामही त्यात धरले गेले. कायद्याने जो मान दिला, तो घराने द्यायचे अजून राहिले आहे. अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना संस्था मान्यताप्राप्त आहे का, तिला रुग्णालयाची जोड आहे का, प्रत्यक्ष हाताने काम करायला मिळते का, हे आईवडिलांनी स्वतः जाऊन पाहावे. ज्या ठिकाणी नुसत्या वह्या भरून घेतात आणि काचेची पट्टी हाती देत नाहीत, तेथे फी भरून उपयोग नाही.

आणि शिकून आलेल्या मुलीने आणखी एक करावे. डॉ. कोटणीसांनी परक्या देशात जाऊन परकी भाषा शिकली, कारण ज्याला शिकवायचे त्याच्या भाषेत शिकवले तरच ते रुजते. आपल्या मुलींना तर भाषा शिकण्याचेही कष्ट नाहीत. त्यांनी चुलीशी, विहिरीशी, पाराशी, आपल्याच बोलीत चारचौघींना सांगावे की रक्त का तपासायचे, पाणी का उकळायचे, बाळाला लस कधी द्यायची. एकीने दहा जणींना सांगितले आणि त्या दहा जणींनी आपापल्या घरी सांगितले, की बेथून आणि कोटणीस यांनी त्या डोंगरातल्या खेड्यात जे केले, तेच नातेपुत्यात घडेल.

पुढल्या आषाढात माउलींची पालखी येईल, तेव्हा रस्त्याकडेच्या त्या टेबलाशी बसलेली मुलगी आपल्यापैकीच कोणाची तरी लेक असावी. आणि तिला पाणी नेऊन देताना आपण तिच्याजवळ घटकाभर थांबावे, काचेवर तिने काय पाहिले ते विचारावे. सोलापूरच्या या सुपुत्राला मंडळाच्या वर्धापनदिनी त्याहून वेगळी आदरांजली वाहण्याची गरज नाही.